फ्लू ए/बी घरगुती चाचणी किट: पट्टी उघडून केलेलं परीक्षण

घरी करायचं फ्लूचं किट घेऊन ठेवावं का, असं ओळखीपाळखीचे लोक मला सारखे विचारतात. विचारणारच, कारण माझं कामच ते आहे. अशा चाचण्यांच्या पट्टीवर बसवायच्या अँटिबॉडी (एखाद्या ठरावीक प्रथिनाला नेमकं धरणारी प्रथिनं) निवडायच्या, त्या पट्टीवर टिकतात का ते पाहायचं, आणि टिकत नसतील तर कारण शोधत बसायचं. म्हणून या वेळी बाजारात मिळणारं एक साधं, मशीन न लागणारं, फ्लूच्या विषाणूचे ए आणि बी हे दोन प्रकार ओळखणारं किट घेतलं, त्याचे बरेच डबे प्रयोगशाळेत आणले आणि आमची स्वतःची पट्टी जशी कसून तपासतो तसं तेही तपासलं. या किटच्या उत्पादकाशी माझा किंवा माझ्या प्रयोगशाळेचा काही संबंध नाही. किटचं नाव देत नाही, कारण यातल्या उणिवा या जातीच्या अनेक डब्यांत सापडतात आणि एकावरच बोट ठेवणं अन्यायाचं होईल.

निकाल आधीच सांगते. किट चांगलं आहे, घरात असावं. ए किंवा बी समोर रेघ उमटली आणि आजूबाजूला साथ असेल, तर त्या रेघेवर विश्वास ठेवावा. रेघ उमटली नाही, तर मात्र या किटने तुम्हाला फारसं काही सांगितलेलं नाही. हे दुसरं वाक्य डब्यावर मोठ्या अक्षरांत असायला हवं होतं. ते माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, ‘मर्यादा’ या मथळ्याखाली आहे. माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच.

डब्यात काय आहे? एक स्वॅब, द्रव भरलेली छोटी नळी, थेंब पाडायचं टोपण, चंदेरी पाकिटात बंद केलेली प्लॅस्टिकची कॅसेट आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. कॅसेटच्या खिडकीशेजारी सी, ए आणि बी अशी अक्षरं. पाकीट फाडल्यावर आत आर्द्रता शोषणारी पुडी निघाली, तिचं वजन आणि पाकिटाचं सील दोन्ही नीट होतं. याकडे मी मुद्दाम पाहते. पट्टीवरची अँटिबॉडी वाळवलेल्या अवस्थेत असते आणि तिला दमट हवेचं वावडं असतं. पाकिटात बारीक छिद्र असेल तर कॅसेट दिसायला नवीकोरी, आतून मात्र मेलेली निघू शकते. पाकिटं मी पाण्याखाली दाबून पाहिली, एकातूनही बुडबुडा आला नाही. पाकीट फाडल्यानंतर किती वेळात चाचणी करायची तेही स्पष्ट लिहिलं आहे. पैकीच्या पैकी गुण.

मग कॅसेट पटाशीने उघडली. आतली पट्टी बोटाच्या लांबीची, एकावर एक चढवलेल्या चार तुकड्यांची. पहिला तुकडा नमुना झेलतो. दुसऱ्यावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात आणि प्रत्येक कणाला अँटिबॉडी चिकटवलेली असते. तिसरा म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा पांढरा पडदा, त्यावर न दिसणाऱ्या रेघांत आणखी अँटिबॉडी आखलेली. चौथा तुकडा शेवटी बसून सगळा द्रव ओढून घेतो. नमुना पहिल्या टोकाला पडला की तो केशाकर्षणाने सरकतो, वाटेत सोन्याचे कण उचलतो आणि पडद्यावरून पुढे जातो. नमुन्यात फ्लूचं प्रथिन असेल तर सोन्यावरची अँटिबॉडी एका बाजूने त्याला धरते, रेघेवरची दुसऱ्या बाजूने. सोनं तिथेच अडकतं आणि रेघ लाल दिसू लागते. सोनं लाल का, असं नेहमी विचारलं जातं. साधारण ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण द्रवात सुटे तरंगत असले की हिरवट प्रकाश शोषतात, म्हणून डोळ्याला लाल दिसतात. तेच कण एकमेकांना चिकटून गोळे झाले की रंग जांभळट-निळ्याकडे झुकतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. या चाचणीत अँटिबॉडी हे हत्यार आहे, शोध तिचा नाही. रुग्णाच्या रक्तात फ्लूविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली का, हे ही पट्टी पाहत नाही. पाहिलं तरी उपयोग नाही, कारण ती तयार व्हायला दिवस लागतात आणि मागच्या वर्षीच्या फ्लूची किंवा लसीची अँटिबॉडीही रक्तात असतेच. पट्टी नाकातल्या विषाणूचं प्रथिन शोधते, म्हणजे आज, आत्ता नाकात काय आहे ते.

पण विषाणूचं कोणतं प्रथिन? वर्तमानपत्रांत एच१एन१, एच३एन२ अशी नावं येतात, त्यातली एच आणि एन ही विषाणूच्या बाहेरच्या कवचावरची प्रथिनं. आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांनाच ओळखते आणि त्या दबावामुळे ती सतत बदलत राहतात. दरवर्षी लस नव्याने ठरवावी लागते ती याच कारणाने. अशा चंचल प्रथिनावर चाचणी बांधली तर दोन-तीन वर्षांत आंधळी होईल. म्हणून बहुतेक जलद चाचण्या आतल्या न्यूक्लिओप्रोटीनला धरतात. हे प्रथिन विषाणूच्या आरएनएभोवती गुंडाळलेलं असतं, एकेका कणात शेकड्यांनी प्रती असतात आणि त्याची घडण फारशी बदलत नाही. ए प्रकाराचं न्यूक्लिओप्रोटीन ४९८ अमिनो आम्लांचं, बी प्रकाराचं ५६०. दोघांत पुरेसा फरक असल्याने ए आणि बी साठी वेगळ्या अँटिबॉडी लागतात आणि म्हणूनच कॅसेटवर दोन वेगळ्या रेघा. याच कारणाने ही पट्टी एच१एन१ की एच३एन२ हे सांगू शकत नाही. ते तिच्या कक्षेतच नाही.

न्यूक्लिओप्रोटीन आत दडलेलं असल्यामुळे विषाणूचं कवच आधी फोडावं लागतं. ते काम नळीतल्या द्रवाचं. त्यात फेनक (साबणासारखं) द्रव्य आणि क्षार असतात. स्वॅब नळीत घालून फक्त बुडवून काढला तर कवच पुरतं फुटत नाही, शेंबडाचे धागे सुटत नाहीत आणि पट्टीवर चिकट, अडखळणारा प्रवाह जातो. माहितीपत्रक सांगतं की नळीच्या भिंतीला दाबत स्वॅब गोल फिरवा आणि काढताना पिळून काढा. हे अक्षरशः पाळा. मी मुद्दाम एकाच नमुन्यावर नीट फिरवून आणि नुसतं बुडवून अशा दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या. नुसतं बुडवलेल्या पट्टीवर रेघ ओळखायला मला दिव्याखाली जावं लागलं.

आता या किटचा आत्मा, म्हणजे अँटिबॉडीची जोडी. इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण चाचणी तिथेच घडते किंवा बिघडते, आणि ग्राहकाला ते कधीच दिसत नाही.

१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि न थकता वाढत राहणारी कर्करोगाची पेशी एकत्र जोडून दाखवली. त्या जोडपेशीतून एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तितकी मिळू लागली. १९८४ चं नोबेल त्यांना नील्स येर्ने यांच्यासोबत मिळालं. आजही फ्लूच्या पट्टीसाठी अँटिबॉडी शोधायची म्हणजे बहुधा हाच रस्ता: उंदराला न्यूक्लिओप्रोटीन टोचायचं, त्याच्या प्लीहेतल्या पेशींपासून जोडपेशी करायच्या, शेकडो वसाहतींमधून उपयोगी त्या निवडायच्या. निवडलेल्या प्रत्येक अँटिबॉडीची दुसरीशी जोडी लावून पाहायची. दोघींनी प्रथिनाला वेगवेगळ्या जागी धरायला हवं, एकमेकींना ढकलायला नको. दहा अँटिबॉडी असतील तर सोन्यावर कोणती आणि रेघेवर कोणती, हे धरून नव्वद जोड्या होतात, आणि जागा उलट केली की निकाल बदलतो.

नवशिक्यांना सगळ्यात जास्त कोडं पडतं ते पुढच्या पायरीवर. एलायझाच्या (खाचांच्या प्लेटमध्ये करायच्या प्रयोगशाळेतल्या अँटिबॉडी चाचणीच्या) प्लेटवर अप्रतिम चाललेली जोडी पट्टीवर नापास होते. कारण वेळ. प्लेटमध्ये अँटिजेन, म्हणजे शोधायचं प्रथिन, आणि अँटिबॉडी तासभर एकत्र बसतात. पट्टीवर तसं नाही. चार सेंटिमीटर पडदा दोन मिनिटांत भिजतो असं धरलं, तर एक मिलिमीटर रुंदीच्या रेघेवरून द्रवाची आघाडी तीन सेकंदांत निघून जाते. पुढे प्रवाह मंदावतो, तरी भेट क्षणभराचीच. तेवढ्यात जी पकडेल ती कामाची. एकदा पकडलं की घट्ट धरून ठेवणारी, पण पकडायला वेळ लावणारी अँटिबॉडी इथे हरते. त्यामुळे आम्ही आता निवड सुरुवातीपासूनच पट्टीवर करतो. काम वाढतं, पण पुढे निराशा टळते.

तपासलेल्या किटची ए ची जोडी उत्तम आहे हे मी खात्रीने म्हणेन. शुद्ध न्यूक्लिओप्रोटीन प्रत्येक पायरीला निम्मं पातळ करत नेलं, तर ए ची रेघ आमच्याकडच्या तुलनेच्या पट्टीइतकीच खालपर्यंत दिसत राहिली. शिवाय ती लवकर उमटली, दिलेल्या वेळेच्या निम्म्यातच. बी ची जोडी एक पायरी आधी मावळली. निष्क्रिय केलेल्या विषाणूचे जुने-नवे उपप्रकार वापरले तेव्हाही चित्र तेच, ए भरघोस आणि बी जेमतेम. यात हे किट एकटं नाही. २०१२ मध्ये १५९ अभ्यास एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात जलद चाचण्यांनी फ्लू ए चे सुमारे ६५ टक्के रुग्ण पकडले होते, बी चे ५२ टक्के. पट्टी बनवणाऱ्यांचं लक्ष वर्षानुवर्षं ए कडे राहिलं, कारण जागतिक महासाथी ए मुळे येतात. पण बी मुळे मुलं आजारी पडतात, दवाखान्यात दाखल होतात, आणि बी च्या अँटिबॉडीवर तेवढीच मेहनत व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सोन्याबद्दलही चांगलंच लिहायचं आहे. अँटिबॉडी सोन्याच्या कणांवर बसवताना द्रवाचा पीएच नेमका साधावा लागतो आणि अँटिबॉडीचं प्रमाण पुरेसं लागतं. कमी पडलं तर कण उघडे राहतात आणि क्षार भेटताच गोळा होतात. आम्ही ते मिठाच्या पाण्याने तपासतो: रंग लाल राहिला तर कण झाकले गेले, जांभळा पडला तर नाही. या किटच्या वेगवेगळ्या बॅचमधल्या पट्ट्यांचा रंग सारखा लाल होता, रेघा कडेपासून कडेपर्यंत सलग होत्या आणि मागचा पडदा पांढराशुभ्र राहिला. पडद्यावर गुलाबी झाक उरली की पुसट रेघ वाचता येत नाही, म्हणून हे महत्त्वाचं. नमुना न मिसळलेला नुसता द्रव, साध्या सर्दीचे विषाणू आणि नाकातले नेहमीचे जीवाणू घालून पाहिले, एकदाही खोटी रेघ आली नाही. दिलेली वेळ उलटल्यावर मात्र काही पट्ट्यांवर ए च्या जागी करडी सावली उमटली. पडदा वाळताना द्रव उलटा सरकतो त्याची ती खूण असते. म्हणून रात्री केलेली कॅसेट सकाळी कचऱ्यातून काढून पुन्हा वाचू नये. वेळ लावून एकदाच वाचावी.

सी च्या रेघेचा अर्थ फार लोक चुकीचा लावतात. सी आली म्हणजे चाचणी बरोबर झाली असं मानलं जातं. सी च्या रेघेवर उंदराच्या अँटिबॉडीला धरणारी अँटिबॉडी असते. सोनं तिथपर्यंत पोचलं की ती लाल होते. म्हणजे प्रवाह झाला आणि सोनं जिवंत आहे, एवढंच ती सांगते. स्वॅबवर नाकातलं काही आलं का, हे तिला कळत नाही. मी कोरा, पाकिटातून काढलेला स्वॅब नळीत फिरवून चाचणी केली आणि सी ठसठशीत आली. म्हणजे घाबरलेल्या मुलाच्या नाकपुडीला नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वॅबचा निकालही ‘वैध आणि निगेटिव्ह’ असाच दिसेल. नमुन्यात माणसाच्या पेशी आहेत की नाहीत हे दाखवणारी आणखी एक रेघ देणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. खर्च वाढेल, पण घरगुती किटमध्ये ती असावी असं माझं ठाम मत आहे, कारण दवाखान्यात स्वॅब सरावलेला हात घेतो आणि घरी नाही.

इथून मी स्वॅबवर येते, आणि इथे किट कमी पडतं. स्वॅबचं टोक उभ्या तंतूंचं आहे, हे चांगलं. गुंडाळलेल्या कापसापेक्षा असे तंतू पेशी जास्त उचलतात आणि नळीत सहज सोडतात. पण किती आत घालायचा याची खूण स्वॅबच्या दांड्यावर नाही. पत्रकातलं चित्र बाजूने काढलेलं आहे आणि त्यात स्वॅब वर, डोळ्यांच्या दिशेने जाताना दिसतो, प्रत्यक्षात नाकाची पोकळी मागे, कानाच्या दिशेने जाते. दोन्ही नाकपुड्या हव्यात हे लिहिलं आहे, पण भिंतीला घासत फिरवायचं हे ठळक नाही. विषाणू शेंबडात असतो तसा अस्तराच्या पेशींमध्येही असतो, त्या निघायला हव्यात. नुकतंच नाक शिंकरून रिकामं केलं असेल तर थोडं थांबणं बरं. अँटिबॉडी शोधण्यात वर्षं घालवायची आणि शेवटी नमुना अर्धवट चित्रावर सोडायचा, हे पाहून माझा जीव तुटतो.

आता वेळेबद्दल. फ्लूचा विषाणू नाकात लक्षणं सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, मग उतरतो. मुलांमध्ये तो जास्त प्रमाणात आणि जास्त दिवस राहतो. २०१२ च्या त्याच विश्लेषणात मुलांमध्ये पकड सुमारे ६७ टक्के होती, मोठ्यांमध्ये ५४. पाचव्या दिवशी, खोकला उरलेला असताना केलेल्या चाचणीकडून फार अपेक्षा ठेवू नये. ताप चढून तासभरही झाला नसताना केलेली चाचणीही घाईची ठरते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला गेल्या साथीत ताप आला तेव्हा त्याने हेच किट वापरलं आणि मला फोटो पाठवला. बी समोर अगदी फिकट रेघ. ‘ताई, इतकी पुसट आहे, म्हणजे थोडाच फ्लू का?’ त्याला सांगितलं, रेघ किती गडद यावरून आजार किती मोठा ते ठरत नाही. वेळेच्या आत, रंगीत, पूर्ण आडवी रेघ दिसली की पॉझिटिव्ह. गडदपणा स्वॅबवर काय आलं त्यावर जास्त अवलंबून असतो. बालरोगतज्ज्ञांना त्याने लगेच फोन केला, आणि माझ्या आईला, जिला दमा आहे, त्या घरापासून काही दिवस दूर ठेवलं. किटचं खरं काम मला तिथे दिसलं. निकाल पंधरा मिनिटांत मिळाला म्हणून त्याच संध्याकाळी निर्णय घेता आला. विषाणू पेशींमध्ये वाढवून ओळखण्याच्या जुन्या पद्धतीला तीन ते दहा दिवस लागायचे, तोवर माणूस बरा तरी होई किंवा रुग्णालयात तरी पोचे.

आकडे आणखी थोडे सांगते, कारण डब्यावरची टक्केवारी वाचून लोक हुरळतात. २००९ मध्ये नव्या एच१एन१ ची साथ पसरली तेव्हा अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण संस्थेने) तीन जलद चाचण्या तपासल्या. त्या नव्या विषाणूचे ४० ते ६९ टक्केच नमुने त्यांनी पकडले. खोटा पॉझिटिव्ह निकाल मात्र या चाचण्या फार क्वचित देतात; २०१२ च्या विश्लेषणात फ्लू नसलेल्या नमुन्यांपैकी ९८ टक्के बरोबर निगेटिव्ह होते. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून हिशेब करून पाहा. साथ जोरात आहे आणि तापलेल्या हजार माणसांपैकी ३०० जणांना खरोखर फ्लू आहे असं धरा. चाचणी ६२ टक्के पकडते, म्हणजे १८६ सापडतील, ११४ निसटतील. उरलेल्या ७०० पैकी १४ जणांना खोटी रेघ दिसेल. म्हणजे रेघ दिसलेल्या २०० पैकी १८६ खरे: रेघेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण निगेटिव्ह आलेल्या ८०० जणांत ११४ फ्लूचे रुग्ण आहेत, साधारण सातात एक. तो एक जण निर्धास्तपणे आजारी आजोबांना भेटायला जाईल.

आता साथ नसतानाचा महिना घ्या. हजारात दहा जणांना फ्लू. सहा सापडतील आणि खोट्या रेघा वीस. रेघ दिसलेल्या सव्वीसपैकी फक्त सहा खरे. किट तेच, अँटिबॉडी त्याच, पण रेघेची किंमत पार बदलली. म्हणून उन्हाळी सर्दीला हे किट फोडू नका. आणखी एक: नाकात फवारायची जिवंत लस घेतल्यानंतर काही दिवस चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण नाकात लसीचा विषाणू खरोखर असतो. पत्रकात ही ओळ आहे, त्याबद्दल उत्पादकाचं कौतुक.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) या चाचण्यांचे नियम कडक केले. रेणवीय चाचणीशी, म्हणजे पीसीआरसारख्या विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या चाचणीशी, तुलना करताना किमान ८० टक्के पकड हवी, आणि दरवर्षी त्या काळात फिरणाऱ्या विषाणूंवर चाचणी पुन्हा तपासून दाखवायची. बऱ्याच जुन्या पट्ट्या त्यामुळे बाजारातून गेल्या. आमच्या क्षेत्रासाठी ही सर्वांत चांगली घटना होती असं मी मानते. त्याआधी एकदा मान्यता मिळाली की पट्टी वर्षानुवर्षं तशीच विकली जाई, विषाणू कुठेही पोचलेला असो. न्यूक्लिओप्रोटीन हळू बदलतं, पण बदलतं. अँटिबॉडी जिथे धरते नेमकं तिथलं एक अमिनो आम्ल बदललं तरी रेघ फिकी पडू शकते.

पर्यायांबद्दल थोडक्यात. रेघ डोळ्याने न वाचता छोट्या यंत्राने वाचणाऱ्या पट्ट्या जास्त पकडतात. २०१७ च्या एका विश्लेषणात त्यांची पकड ए साठी ८० टक्के आणि बी साठी ७७ टक्क्यांच्या आसपास होती. जलद रेणवीय चाचण्या त्याहून सरस, दोन्ही प्रकारांत ९० टक्क्यांच्या वर. जपानमध्ये फुजीफिल्मने छायाचित्रणातली चांदीची रसायनक्रिया पट्टीवर आणली आणि सोन्याच्या कणांभोवती चांदी वाढवून पुसट रेघ ठळक केली. ही कल्पना मला अतिशय सुंदर वाटते. दवाखान्यात यापैकी काही उपलब्ध असेल तर तिथेच करावं. घरात, मध्यरात्री, यंत्राशिवाय मात्र साधी पट्टीच हाती असते.

ज्यांच्या घरात गरोदर बाई, तान्हं मूल, वृद्ध किंवा दमा, मधुमेह, हृदयविकार असलेलं कुणी आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट फार कळकळीने लिहिते. ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. अशा व्यक्तीला साथीत अचानक ताप, अंगदुखी, खोकला सुरू झाला आणि किट निगेटिव्ह आलं, तरी वाट न पाहता लगेच डॉक्टरांना विचारा. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी पीत नसेल, तर चाचणी करत बसूच नका.

उत्पादकाला मी लिहून कळवलं आहे त्यात दोन मुद्दे तांत्रिक आहेत. पहिला, किट किती कमी विषाणू पकडू शकतं ही मर्यादा पत्रकात पेशींना संसर्ग करू शकणाऱ्या मात्रेत दिली आहे. पट्टी जिवंत-मेलेला असा भेद करत नाही, ती प्रथिन मोजते. विषाणूच्या एका साठ्यात मेलेले कण जास्त असतील तर तीच पट्टी कागदावर जास्त तीक्ष्ण दिसते. दोन डब्यांवरचे असे आकडे शेजारी ठेवून ग्राहकाने काही ठरवणं अशक्य आहे. सोबत न्यूक्लिओप्रोटीनचं वजनही द्यावं, म्हणजे तुलना होईल.

दुसरा, कोणकोणत्या विषाणूंवर किट तपासलं त्याची यादी. यादी लांबलचक आहे, पण बहुतेक नावांतली वर्षं फार जुनी आहेत. बी च्या दोन वंशांपैकी यामागाता वंश मार्च २०२० नंतर जगात खात्रीने कुठेच आढळलेला नाही, आणि यादीत बी च्या नावांपैकी निम्मी त्याच वंशाची आहेत. जो व्हिक्टोरिया वंश आज खरोखर फिरतो आहे, त्याचे अलीकडचे नमुने त्यात दिसले नाहीत. उत्पादकाने ते तपासले असतीलही. मग ते छापावेत, प्रत्येकापुढे वर्ष घालून, आणि यादी शेवटची कधी अद्ययावत केली ती तारीख डब्यावर, वापराच्या अंतिम तारखेच्या शेजारी. त्यांचं उत्तर आलं आहे: दांड्यावरची खूण आणि नवं चित्र पुढच्या छपाईत येईल, यादीबद्दल विचार चालू आहे. नवी बॅच आली की बी ची जोडी मी पुन्हा त्याच पायऱ्यांवर उतरवून पाहणार आहे.